कॅसेट आपली, यादी दुसऱ्याची

यंदा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या एका स्टॉलवरून भाच्यासाठी तळहाताएवढं एक डबडं घेतलं. वर छापलेलं : चारशे गेम. सोबत टीव्हीला लावायची वायर आणि एक जादा रिमोट. घासाघीस करून साडेतीनशेला पडलं. घरी टीव्हीला जोडून यादी खाली सरकवत गेलो, तर मधेच ‘टँक’ दिसला. नाव बदललेलं, पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव पुसलेलं. पण सुरुवातीची ती इवलीशी धून वाजली आणि पुढचं सगळं हातांना आपोआप आठवलं. भाच्याला दुसरा रिमोट दिला. त्यानं पहिल्या मिनिटात शत्रूला सोडून माझ्यावरच गोळी झाडली, माझा रणगाडा जागच्या जागी लुकलुकत थिजला आणि माझ्या तोंडून पंचवीस वर्षांपूर्वीचं वाक्य निघालं, ‘‘मला काय मारूलालास बे!’’

हा ‘टँक’ म्हणजे नामको कंपनीचा ‘बॅटल सिटी’. जपानात १९८५ साली आला. अमेरिकेत त्या काळी तो अधिकृतपणे विकायला आलाच नाही. आता ‘विसरले गेलेले, पुन्हा शोधावेत असे जुने गेम’ अशा याद्या अधूनमधून वाचायला मिळतात, त्यांत तो सहसा नसतो. मी त्या याद्या आवडीनं वाचतो आणि दर वेळी थोडा चिडतो. विसरले म्हणजे कुणी विसरले? यादी करणारा बहुधा अमेरिकेतला नाहीतर इंग्लंडातला. त्याच्या लहानपणी दुकानात जे खोक्यात मिळायचं ते त्याला आठवतं आणि त्यातलं जे त्याच्या मित्रांना आठवत नाही ते ‘दुर्लक्षित’ ठरतं. आपली पोरं तीच यादी समोर ठेवून, इथं कुणी कधी पाहिलेही नव्हते असे गेम ‘पुन्हा’ शोधत बसतात. २०१६ मध्ये निंटेंडोनं अमेरिकेत आपल्या जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली, निवडक तीस गेमांसह. त्यात बॅटल सिटी नाही, रोड फायटर नाही, सर्कस चार्ली नाही, लोड रनर नाही. कॉन्ट्रासुद्धा नाही, त्याचा दुसरा भाग आहे! कॉन्ट्रा नसलेली यादी घेऊन नवी पेठेत कुणाही चाळिशीतल्या माणसाकडं जाऊन बघा.

आपली यादी वेगळी का झाली, याचं कारण आवडीनिवडीत नाही, कुलपात आहे. निंटेंडोचं फॅमिकॉम हे गेम खेळायचं यंत्र जपानात जुलै १९८३ मध्ये निघालं. त्याचं भावंड पुढं अमेरिकेत गेलं तेव्हा कंपनीनं त्यात कुलपासारखी एक चिप बसवली. परवानगीची कॅसेट नसेल तर गेम सुरूच व्हायचा नाही. जपानी यंत्रात हे कुलूप नव्हतं. त्यामुळं नकला करणाऱ्या कारखान्यांनी नक्कल केली ती त्याची, आणि नव्वदच्या दशकात ती यंत्रं नाना नावांनी आपल्या बाजारात आली. आपण यंत्राला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो नि गेमला ‘कॅसेट’. रशियात तेच यंत्र १९९२ पासून डेंडी या नावानं खपलं. एका कॅसेटीत जितके जास्त गेम कोंबता येतील तितका माल चालणार, म्हणून निवड व्हायची छोट्या गेमांची. १९८४-८५ चे कितीतरी गेम अख्खेच्या अख्खे २४ किंवा ४० किलोबाइटांत बसायचे. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारा गुलाबाचा फोटो यापेक्षा मोठा असतो. पुढचे मोठे, गोष्ट सांगणारे, जपानी मजकुरानं भरलेले गेम त्या कॅसेटीत मावायचे नाहीत, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. वर ‘९९९९९९९ इन वन’ लिहिलेलं असायचं; आत खरे गेम मोजकेच, बाकी तेच गेम पुढच्या लेव्हलपासून. या फसवणुकीचा राग तेव्हाही आला नव्हता.

थोडक्यात, अपघातानं का होईना, सोलापूरच्या आणि मॉस्कोच्या पोरांच्या हाती एकच संच पडला : छोटे, सुरुवातीचे, बहुतेक एका पडद्यात मावणारे जपानी गेम. माझं म्हणणं असं की जुन्यातलं खरोखर पुन्हा पाहण्यासारखं जे आहे, ते बरंचसं याच संचात आहे. लहानपणच्या आठवणींमुळं मी हे म्हणत नाही. हे गेम कसे बनलेत ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, म्हणून म्हणतो.

बॅटल सिटीचं मैदान तेरा घरं रुंद आणि तेरा घरं उंच. वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ एवढंच सामान. खाली मधोमध गरुड, तो गेला की खेळ संपला; त्याच्याभोवती विटांचा आडोसा. एका फेरीत शत्रूचे वीस रणगाडे, अशा पस्तीस फेऱ्या. नियम दोन मिनिटांत कळतात. पण त्यातला एक नियम फार खोल आहे. तुमची गोळी तुमच्याच गरुडाला लागते. जोडीदाराला लागली तर तो काही क्षण थिजतो. शत्रू तर मठ्ठच असतात, भिंगरीसारखे इकडून तिकडं फिरतात. खरी धास्ती असते शेजारी बसलेल्या मित्राची : त्याचा अंगठा घाईत काय करील याची. दोघांनी एक शब्द न बोलता मैदान वाटून घेणं, ‘तू वरचं बघ, मी गरुडापाशी थांबतो’ हे नजरेनं ठरणं, हे मला नंतरच्या कुठल्याही चकचकीत गेममध्ये भेटलं नाही. आज शंभर जण ऑनलाइन एकत्र खेळतात, पण कोपर कुणाचंच कुणाला लागत नाही.

आणि पहिल्या पडद्यावर तिसरा पर्याय असायचा : कन्स्ट्रक्शन. तुमचं मैदान तुम्ही बांधा. मोटारसायकल शर्यतीच्या एक्साइटबाइकमध्ये ट्रॅक बनवता यायचा, लोड रनरमध्ये आख्खी लेव्हल. एक्साइटबाइकमध्ये ‘सेव्ह’ असंही लिहिलेलं होतं, पण ते टेपवर साठवण्याच्या एका जपानी उपकरणासाठी होतं. आपल्याकडं ते दाबलं की यंत्र मुकाट बसून राहायचं. आम्हाला वाटायचं, बिघडलं. घरात शिव्या खाल्ल्यात मी त्या बटनापायी.

आता इथं सोलापूरचा विषय येतो. आमच्या गल्लीत चादरीच्या नक्ष्या काढणारे एक मामा होते. आलेख कागद, तासलेली पेन्सिल आणि खोडरबर. जेकार्डच्या मागावर नक्षी विणायची तर ती आधी चौकोनांत मोडावी लागते. चौकोन भरला तर कार्डाला भोक पडतं, भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. लियॉंच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ साली बसवलेली ही युक्ती. पुढं संगणकांनी कार्डं उचलली ती इथूनच. मामा एकदा आमच्या घरी टेकले होते, आम्ही मारिओ खेळत होतो. कौतुक वगैरे काही नाही. थोडा वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाले, ‘‘वरचा ढग नि खालचं झुडूप एकाच कार्डावरचं हाय. रंग बदललाय नुसता.’’

ही गोष्ट जगभरच्या गेमवेड्यांनी नंतर मोठा शोध लागल्यासारखी सांगितली. मामांना ती एका बैठकीत दिसली, कारण त्यांचं पोट त्याच हिशेबावर चालत होतं. त्या यंत्रात चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांत बांधायचं, एका तुकड्यात तीन रंग आणि चौथी पार्श्वभूमी. छोट्या कॅसेटीत असे एकूण ५१२ तुकडे, त्यांतच सगळं जग उभं करायचं. हलत्या आकृत्यांत एकच तुकडा आडवा उलटवून दोनदा वापरता येतो, त्यामुळं चेहरा अर्धाच काढला तरी भागतं. किनारीतलं फूलही अर्धंच काढतात की. काटकसरीतून आलेली ही कला आहे. सोलापूरच्या यंत्रमागावर वाढलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही, फक्त दाखवावी लागते. आणि ती दाखवायला २०२० नंतरचा कुठलाही गेम कामाचा नाही, त्याच्या आत डोकावायला जागाच नाही. चाळीस किलोबाइटांचा गेम आठवीतलं पोरगं आलेख कागदावर उतरवून दाखवू शकतं.

कॅसेटीतल्या सगळ्याच गेमांना मी डोक्यावर घेणार नाही. रोड फायटर दहा मिनिटांत संपतो, सर्कस चार्ली तेव्हाच कंटाळवाणा होता. पण तीन गेमांसाठी मी भांडेन.

बायनरी लँड, हडसन सॉफ्ट, १९८५. आम्ही त्याला ‘पेंग्विन’ म्हणायचो आणि पोरी खेळतात म्हणून हसायचो. आमचीच अक्कल तोकडी. पडद्यावर दोन पेंग्विन, मधे भिंत. एकच रिमोट दोघांना हलवतो, पण एक उजवीकडं गेला की दुसरा डावीकडं जातो. दोघांचे रस्ते वेगळे, अडथळे वेगळे, आणि वर पिंजऱ्यातल्या बदामापाशी दोघांनी दोन बाजूंनी एकत्र पोचायचं. एक कोळ्याच्या जाळ्यात अडकला तर दुसऱ्यानं वळसा घालून सोडवायला यायचं. आरशातल्या हाताला आपल्या हाताशी जुळवून घेण्याचं हे कोडं आहे. नव्या काळात असला खेळ कुणी काढला तर त्याला बक्षिसं मिळतील.

बर्ड वीक, १९८६. आमच्या भाषेत ‘चिमणी’. आई पक्षी फुलपाखरं धरून पिलांना भरवते, ससाण्याला चुकवते. वेळेत घास पोचला नाही तर पिलू जातं, पुरेसं पोट भरलं की उडून जातं. खेळाची जीत म्हणजे घरटं रिकामं होणं! हे समजायला मला स्वतःची मुलगी होस्टेलला जावी लागली, पण ते असो.

तिसरा लोड रनर. डग्लस स्मिथनं १९८३ मध्ये ॲपल संगणकासाठी केला, पुढच्या वर्षी फॅमिकॉमवर आला. आम्ही ‘सोनं खोदायचा’ म्हणायचो. इथं तुमच्याकडं बंदूक नाही. डाव्या किंवा उजव्या बाजूची वीट खोदता येते, पायाखालची नाही. शिपाई खड्ड्यात पडतो, खड्डा थोड्या वेळानं आपोआप बुजतो. एवढ्यावर मूळ गेममध्ये १५० लेव्हल आहेत आणि शेवटच्या-शेवटच्या लेव्हलला तुम्ही हातात रिमोट न घेता नुसते बघत बसता : कुठली वीट आधी खोदली तर परतीचा रस्ता उरेल? पाठलाग करणाऱ्याच्या डोक्यावरून चालत पलीकडं जाता येतं, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

एक चौथा गेम कॅसेटीतला नाही. नोकिया ३३१० मध्ये सापाच्या गेमशेजारी ‘बांटुमी’ होता. सगळे साप खेळले, बांटुमी कुणी उघडला नाही. तो खळग्यांत बिया वाटत जाण्याचा आफ्रिकेतला जुना खेळ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्याचंच भावंड ‘वामनगुंटलु’ म्हणून खेळायचे, कानडी घरांत ‘अळगुळी मणे’. ज्या आजीला फोन उचलता येत नव्हता तिनं त्या फोनमधल्या गेममध्ये नातवाला सहज हरवलं असतं. कुणी तिच्या हातात दिला नाही.

इतकं झाल्यावर मला विचारतात, बरं, मग काय करायचं? खेळा घरी बसून. डबडं साडेतीनशेला मिळतंच आहे.

माझी अडचण तिथंच आहे. हे सगळं त्या डबड्याच्या भरवशावर आहे. आणि ते चोरीचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या कॅसेटी चोरीच्या होत्या. ज्यांनी रात्री जागून ते गेम केले त्यांना सोलापुरातून एक पैसा गेला नाही. इतकंच काय, त्यांची नावंसुद्धा पुसून आमच्यापर्यंत माल आला. पण दुसरी बाजूही खरी : दुसऱ्या कुणी आणलाच नसता. आपल्याकडं ग्रंथपालाचं काम चोरानं केलं. चोराला ना नावाची पर्वा, ना सालाची, ना मूळ प्रतीची. गिऱ्हाईक आहे तोवर तो माल ठेवतो. खुद्द अमेरिकेत तरी कुठं बरी स्थिती आहे? २०१० पूर्वी तिथं निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत, असं २०२३ मधल्या एका पाहणीत निघालं. ग्रंथालयांना असे गेम संशोधकांना दुरून वापरू देण्याची मुभा मागितली गेली, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

आपल्याकडं प्रश्न नाकारण्यापर्यंतही गेलेला नाही, कारण तो कुणी विचारलेलाच नाही. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडं आणि आणखी तीन ग्रंथालयांकडं पाठवावी लागते. गेमसाठी असं काही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवायला परवानगी दिली, पण अट अशी की त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडं आधीपासून असावी. पुस्तकाला हे ठीक. गेम जन्मतःच डिजिटल, त्याची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? ही एक अट बदलली तरी दार किलकिलं होईल. सिनेमाच्या बाबतीत आपण काय केलं ते आठवावं : पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली, आणि १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. तेव्हाही सिनेमा म्हणजे पोरं बिघडवण्याचं साधनच होतं.

आज ‘गेम’ म्हटलं की घराघरांत रमी आठवते, कर्ज आठवतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, आणि बरं केलं. पण त्या संतापात सगळेच गेम एका पोत्यात भरले जातात. लोड रनर तुमच्या खिशात हात घालत नाही, ‘उद्या परत ये, बक्षीस देतो’ म्हणत नाही, रात्री अकराला फोन वाजवत नाही. तो संपतो. आईबापांनी पोराला गेमपासून तोडण्यापेक्षा असल्या गेमशी त्याची गाठ घालून दिली, तर दुसऱ्या जातीचे गेम त्याला फसवणूक म्हणून ओळखू येतील. निदान काहींना तरी. सगळ्यांना येतील असं मी म्हणत नाही. मी स्वतः परवा मोबाइलवर गोळ्या फोडण्याच्या एका गेमात दोन तास घालवले.

माझी मागणी मोठी नाही. केगावजवळच्या विज्ञान केंद्रात एका भिंतीला जेकार्डची कार्डं, शेजारी आलेख कागद, शेजारी एक टीव्ही आणि दोन रिमोट. जे जुने गेम आज रीतसर विकत मिळतात तेवढेच ठेवा, चोरीचा एकही नको. शहरातल्या एखाद्या वाचनालयानं महिन्यातला एक रविवार द्यावा. आणि कायद्याची वाट न बघता करता येण्यासारखं एक काम आहे : लिहून काढणं. कुठल्या पेठेत तासाला किती रुपये घेऊन गेम खेळायला मिळायचे, कॅसेटीवर कुठले गेम होते, पोरं त्यांना काय म्हणायची, भारनियमनात लाइट गेली की राहिलेल्या वेळेचा हिशेब कसा व्हायचा. ही माहिती कुठल्याही परदेशी संग्रहात नाही आणि ती ज्यांच्या डोक्यात आहे ते आता चष्मा लावतात.

माझ्याकडं दाखवायला फार काही उरलेलं नाही. बॅटल सिटीतलं बांधलेलं मैदान यंत्र बंद केलं की जायचं, म्हणून मी आणि एक मित्र ती मैदानं आलेखाच्या वहीत उतरवून ठेवायचो, तेरा बाय तेरा. तीसेक पानं भरली होती. ती वही रद्दीत गेली. त्यातलं एकच मैदान मला अजून आठवतं : गरुडाभोवतीच्या विटा काढून मी चहूकडून पाणी भरलं होतं. रणगाडा पाण्यातून येऊ शकत नाही, म्हणजे गरुड सुरक्षित. गोळी मात्र पाण्यावरून जाते, हे लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या पंधरा सेकंदांत गरुड गेला.

परवा भाच्यानं नव्या डबड्यावर कन्स्ट्रक्शन उघडलं. थोडा वेळ विटा लावल्या, पुसल्या, आणि मग गरुडाभोवती निळं निळं भरायला लागला. माझ्याकडं वळून विचारतो, ‘‘मामा, पाण्यातून टँक येत नाही ना?’’

‘‘नाही,’’ म्हटलं.